खळ्यातल्या लिंबावरचं पिवळं पाखरू

१८ फेब्रु.
आणि वर मलाच म्हणतात, तुला काय समजतं! हळद शिजवते मी, पसरते मी, वाळली हळद घासायच्या पॉलिशच्या ढोलाजवळ पिवळी धूळ खात उभी राहते मी. नाना जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणून नुसता हुकूम. "दीपकनी माय, लिंब तोडनाच पडी. अर्धी हयद सावलीमा ऱ्हास." हळद सावलीत राहते, वाळत नाही म्हणे. पण अख्ख्या खळ्यात या कडुलिंबाचीच तेवढी सावली. सात बाया तिथं भाकर खातात. आता काय नानांच्या डोक्यावर बसून खायची?

२१ फेब्रु.
मेहरूणचे पक्षीवाले सर परत आले. लिंबावर बोटाएवढं पाखरू आहे, पानापानातून अळ्या वेचतं. थंडीपासून बघते, मातकट हिरवं. आज पिवळंजर्द! सरांनी फोटोवर फोटो काढले. म्हणे हा वेगळ्याच जातीचा वटवट्या, आपल्याकडे कुणी पाहिला नाही, पेपरात देतो. नाना लगेच, "मनं नाव ई ना पेपरमा?" सर म्हणाले, येईल, पण झाड राहिलं पाहिजे.
झाड वाचलं. पण मला पटलं नाही. रंग दुसरा, आवाज तोच. च्विट, च्विट. मागच्या खेपेला सरच म्हणाले होते, ही पाखरं दिसायला सारखी, आवाजावरून ओळखायची. मग आज कान कुठं ठेवले होते?

२५ फेब्रु.
ढोल चालू. दुपारी ते पिवळं पाखरू नळाखालच्या घमेल्यात उतरलं. फडफड फडफड. बाहेर आलं ते मातकट! पाण्यावर पिवळा तवंग. लिंबाचं पान पुसलं, बोट पिवळं.
बाया हसून लोळल्या. "अक्का, नवरदेवनी हयद धुवाई गयी!"
नानांना सांगू नका म्हटलं. हसू नाही आलं मला.

२६ फेब्रु.
आठवलं. त्या दिवशी जाताना सर पांढरा शर्ट झटकत होते. शर्ट पिवळा. स्वतःचा शर्ट दिसला, पाखरू नाही दिसलं?
सरांना फोन केला, पाखराचं विचारलं. "ताई, आधी पेपरात येऊ द्या, मग बोलू." मग म्हणजे कधी? हा माणूस चुकला, का मुद्दाम... झाडासाठी? का नावासाठी?

२८ फेब्रु.
नाना, "पेपरमा नई उनं ते सोमवारले करवत."
बोलले तर लिंब जातो. गप्प बसले तर खोट्यात मीही.
माझ्या दीपककडून सरांना मेसेज लिहून घेतला: पाखरू तेच जुनं आहे, वर आमची हळद आहे. तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं का नव्हतं? रविवारी दिवे लागायच्या आत सांगा. फिरवून नको. हो का नाही.