कण्हेरीच्या पंचवीस बाटल्या

धुळे, ३ ऑगस्ट १९३६

रिटायर होऊन दोन महिने झाले. अठ्ठावीस वर्षे सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून गावाची घाण काढली. आता गाव सुशोभित करायचे ठरवले आहे.

समोरच्या तोताराम मास्तरने क्रोटनच्या काड्या बाटलीत लावून गेल्या साली पुष्पप्रदर्शनात सर्टिफिकेट मिळवले. तेव्हापासून मान ताठ. मी पाहून आलो. बाटली, पाणी, काडी. यात विद्या ती कसली?

डिसेंबरच्या प्रदर्शनात एक वर्ग आहे : एकाच झाडाच्या काड्यांपासून पाण्यात तयार केलेली पंचवीस रोपे. झाड तयार आहे. अंगणातली डबल गुलाबी कण्हेर. ही आमच्या कुटुंबाची, म्हणजे धुरपदाबाईची. तिच्या आईने रावेरच्या माहेरच्या दारातली एक फांदी दिली होती, ती हिने म्हणे नुसती घागरीत ठेवली आणि लागली. न शास्त्र, न रजिस्टर. नशीब, दुसरे काय. आई गेली. रावेरच्या घरी आता उंबऱ्यापर्यंत केळी आहेत, तिथली कण्हेर केव्हाच उपटली.

कुटुंबाचे म्हणणे, पाच काड्या घ्या. चर्चेअंती पंचवीस ठरल्या.

५ ऑगस्ट, सकाळी ८

औषधाच्या पंचवीस रिकाम्या बाटल्या, नंबर घालून, खिडकीत उन्हात. प्रत्येकीत विहिरीत टाकतात ते लाल औषध चिमूटभर. रोज आठ वाजता काडी बाहेर काढून फूटपट्टीने तपासणी, रजिस्टरात नोंद.

मास्तरने कंपाउंडवरून विचारले, खोकल्याचे औषध विकायला काढले का. स्वतःच्या बाटल्यांना हा कागद गुंडाळतो आणि कोपऱ्यात ठेवून महिना महिना हात लावत नाही. आळसाला पद्धत म्हणतात ती अशी. शिवाय टोमणा : साठलेल्या पाण्याबद्दल मी गावाला नोटिसा दिल्या, त्याचे काय? त्याला सांगितले, ते साठलेले पाणी होते, हे प्रयोगातले आहे.

२२ ऑगस्ट

गंभीर. क्र. ४, ९ आणि १७ यांच्या पाण्यातल्या भागावर पांढरे बारीक फोड. दुपारपर्यंत आणखी अकरा. अंगावरचा फोड मी वीस पावलांवरून ओळखतो. जुन्या वस्तऱ्याने सर्व फोड तासून काढले, कार्बॉलिकने पुसले.

कुटुंब म्हणाले, चांगले लक्षण असेल. मी तिला विचारले, पटकीच्या किती साथी हाताळल्यास. एकही नाही म्हणाली, पण चार पोरे वाढवली. मुद्द्याला सोडून.

३० ऑगस्ट

रोग पुन्हा उठला, आणि अधिक जोमाने. पुन्हा तासला. असा चिवट रोग नोकरीतही पाहिला नाही.

६ सप्टेंबर

पंचवीसही मयत. देठ काळे, वास. दोष मालाचा, रावेरचे वाण. नवीन पंचवीस कापल्या. झाड मोकळे, हवेशीर दिसते. मी कापत होतो तोवर कुटुंब खोडावर हात ठेवून उभे होते. दोन दिवस वांग्याच्या भाजीत मीठ नाही. विसरभोळेपणा वाढला आहे.

२५ सप्टेंबर

दुसऱ्या तुकडीवरही फोड. आता कळले : रोग बाटलीत नाही, झाडात आहे. उगमावरच घाव घातला पाहिजे. बुंध्याशी एक बादली कार्बॉलिक ओतले. मास्तर दोन काड्या स्वतःकडे सांभाळायला मागत होता. सर्टिफिकेटवर डोळा. दिल्या नाहीत.

१२ ऑक्टोबर

दुसरी तुकडी संपली. झाडाची पाने गळताहेत, म्हणजे रोग आतच होता. माझे निदान अचूक. जिवंत तेवढे वाचवायचे म्हणून तिसरी तुकडी कापली. चोवीस निघाल्या. शेंड्याचा एक फोक उरला, तिथे कुटुंब आडवे आले.

"एवढा एक राहू द्या. माझ्या मायच्या हातचं मागे काही उरलं नाही."

शब्द दिला.

१४ ऑक्टोबर

प्रदर्शनाचा नियम पंचवीसचा आहे. चोवीस म्हणजे शून्य. कुटुंब विहिरीवर गेले असताना क्र. २५ कापला. परत आल्यावर तिने पाहिले. फक्त बाटलीपाशी बसून राहिली.

२ नोव्हेंबर

बारा शिल्लक. फोड दिसले की तासतो. अंगात कणकण.

१४ नोव्हेंबर

दहा दिवस हिवताप. तपासणी बंद. डॉक्टरने विचारले, घरात कुठे पाणी साठवले आहे का. नाही म्हटले. उठून पाहतो तो अकरा वाळलेल्या. क्र. २५ तेवढी हिरवी, पण माझ्या गैरहजेरीत फोड भरमसाट. कुटुंबाने अंगणातल्या खोडाला नख लावून पाहिले. आत तपकिरी. कोरडे.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज

रावेरहून मेहुणे लीलाधर आले. केळीचा शेतकरी, शाळा चौथीपर्यंत. ओवाळणे होईपर्यंत मी थांबलो, मग वस्तरा घेऊन क्र. २५ काढली. लीलाधरने माझे मनगट धरले.

"भाऊजी, हा रोग नाही. ह्या मुळ्या फुटी राह्यल्या. तीन महिने तुमी मुळ्याच तासत व्हते."

मी म्हणालो, हा मतभेदाचा विषय आहे. त्याने मनगट सोडले नाही. कुटुंबाने ओवाळणीचे लुगडे परत केले आणि भावाकडे मागितले एवढेच, की ही काडी आणि मला घेऊन चल.

१७ नोव्हेंबर

चाळीसगावच्या गाडीने दोघे गेले. टांग्यात बाटली तिच्या मांडीवर. परत केव्हा, असे विचारले. लागेल तितके दिवस लागतील म्हणाली. रोपाबद्दल असावे.

२३ नोव्हेंबर

स्वयंपाक सोपा आहे. बायका उगीच बाऊ करतात. भात लागला.

२८ नोव्हेंबर

मास्तरने डबा पाठवला. दया नको म्हणून परत करणार होतो. भरीत होते. डबा रिकामा परत केला.

३० नोव्हेंबर

रावेरला पत्र टाकले. रोपाच्या प्रगतीची पाहणी करण्यास एक दिवस येईन. वस्तरा आणणार नाही.

६ डिसेंबर

प्रदर्शन. मास्तरला दुसरा नंबर. पंचवीस रोपांच्या वर्गात एकही अर्ज नव्हता, म्हणजे मी एकटा असतो तर पहिला आलो असतो. मागच्या बाकावर बसून आलो.

९ डिसेंबर

लीलाधरचे कार्ड आले. रोप लागले, मातीत लावले, चार पाने आहेत. माझे पत्र ताईला वाचून दाखवले. ती म्हणते, हात धुऊन आलात तरी नको.