खुंटीवरचं कार्ड

अहो, नमस्कार. आधी गॅसवरचं दूध उतरवा, विसरला असालच. मग निवांत बसून वाचा. मी सांगतेय, सूनबाई लिहून घेतेय.

इथे सगळं ठीक आहे. बांधकामावरच्या स्वयंपाकघरात मी कणीक मळते. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड असतं. फाटकावरच्या मशीनला ते लावूनच आत-बाहेर करायचं, म्हणजे आत किती आणि कोण माणसं आहेत ते तिथल्या पाटीवर दिसतं.

मंगळवारी चौथ्या मजल्यावर रिकामी पोती पेटली. भोंगा वाजला, तशी सगळ्यांबरोबर मीही बाहेर आले. कार्ड मात्र खुंटीवरच राहिलं; मळताना परातीत लोंबतं म्हणून काढलं होतं. पाटीवर एकच माणूस आत, आणि नाव माझं!

वॉचमन म्हणतो, "आजी, मशीन सांगतंय तुम्ही आत आहात."

म्हटलं, "मग ही बाहेर उभी आहे ती कोण, माझी सवत?"

लोक हसले. पण तोवर तुमचा लेक पाटी वाचून मला शोधायला आत पळाला होता. मी हाका मारल्या, पण भोंग्यापुढे माझा आवाज कुठे पोचणार?

खोकत खोकत परत आला. हाताला जरासा चटका बसलाय, काळजीचं काही नाही. तुम्हाला कळवू नको म्हणालाय, तेव्हा विचारू नका. आता रोज सकाळी तोच माझ्या गळ्यात कार्ड घालतो.

तुमचा गुडघा कसा आहे? शेजारीण डबा देते ना?

तुमचीच, विसरण्यात आता तुमच्या बरोबरीची.

ता. क. भाजलेले शेंगदाणे पाठवा, पण सोलून. त्याला एका हाताने सोलता येत नाहीत.