दहापैकी तीन

मंगळवार, संध्याकाळ. राइट टाउन.

तीन. दहापैकी तीन. चहा झाला तरी डोक्यातून जात नाही.

कुंडम गावातल्या बायांच्या बचत गटाला संस्थेतर्फे मीच शिकवलं, की बाहेरच्या माणसानं येऊन तुमचं काम जोखायचं नाही. आपले गुण आपणच द्यायचे, आणि का दिले तेही सांगायचं. आज पोचले तर बैठक माझ्याविना सुरू झालेली. फळ्यावर शेवटची ओळ, 'दीदी की ज़रूरत', म्हणजे माझी. पुढे तीन.

सवयीनं विचारलंच, तीन का? गटाच्या अध्यक्ष फूलवतीबाई शांतपणे म्हणाल्या, "पिछली बार आपकी बस छूट गई थी न, दीदी. उस दिन बैठक जल्दी निपटी."

पद्धत माझीच. म्हणजे हे माझं यशच ना? मग ते तीन का खुपतात?

घरी आल्यावर यांना सांगितलं, तर हे हसूनच राहिले. "चांगलंच झालं न मग. तोंड पाडून काहून बसली?"

चांगलंच झालं. पण तीन? पाच तरी द्यायचे.

आत्ताच फूलवतीबाईंचा फोन आला. शेजारच्या गावातल्या बायांना ही पद्धत आता त्या शिकवणार आहेत, आणि मीही सोबत यावं असं गटानं ठरवलंय. मी एकदम खुलले. म्हटलं, मी काय काय बोलू तिथे?

"बोलना कुछ नहीं है, दीदी. बस हमारे बगल में बैठना. हमको डर लग रहा है."

मी लगेच हो म्हणाले. हे म्हणतात, गप्प बसणं तुला जमायचं नाही. बघू.