दहा चाळीसचा मिस्ड कॉल

२ नोव्हेंबर

बाबांना रिहॅब वॉर्डात हलवल्याचा आज तिसरा दिवस. इथे जास्तीत जास्त एकशे ऐंशी दिवस ठेवून घेतात. हातात उरले एकशे सत्याहत्तर.

परिस्थिती नोंदवून ठेवतो. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका. उजवा हात लुळा, वाचा गेली. ऐकलेलं बरंचसं कळतं.

झटका आला ८ ऑक्टोबरला दुपारी. त्याच सकाळी दहा चाळीसला त्यांचा मला फोन आला होता. चार वर्षांतला पहिला. चार वर्षांपूर्वी नववर्षाच्या जेवणात त्यांनी विचारलं होतं, "अजून दुसऱ्यांच्या बशाच धुतोस काय रे?" मी उठून तोयामाला, लॅबच्या शहरात, परत आलो होतो. (लॅबमध्ये मी बशा धूत नाही. बशीत न्यूरॉन वाढवतो.)

फोन उचलला नाही, कारण पेशींचं पोषणद्रव बदलत होतो. दोन्ही हात काचेच्या कपाटात. ते काम मध्येच सोडता येत नाही.

संकल्प: त्यांना काय सांगायचं होतं, ते एकशे ऐंशी दिवसांच्या आत त्यांच्याकडून ऐकायचं.

५ नोव्हेंबर

योजना तयार. पन्नास ध्वनींचा तक्ता आणला, एका ध्वनीला एक अक्षर. बालवाडीच्या भिंतीवर असतो तोच. आ, इ, उ, ए, ओ. लॅमिनेट करून घेतला. रोज पाच ध्वनी, दहा दिवसांत तक्ता पूर्ण. मग बाबा डाव्या हाताने एकेक अक्षर दाखवतील आणि मी वाक्य लिहून घेईन.

आधार भक्कम आहे. बशीत टाकलेली पेशी तिसऱ्या दिवशी हातपाय पसरते. शेजारणीला शोधते. दोन आठवड्यांत सगळ्या मिळून एका तालात ठिणग्या टाकू लागतात. सतरा वर्षं हे रोज बघतो आहे. मेंदू म्हणजे शेवटी मोठी बशी.

हिराई मॅडमना (लॅबच्या प्रोफेसर) योजना सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो, आपल्या पेशी जन्माला न आलेल्या उंदराच्या आहेत. तुमचे वडील शहात्तरचे." म्हटलं, तत्त्व तेच. त्या पुन्हा भिंगात बघू लागल्या. पटलं असावं.

८ नोव्हेंबर

वाचा-उपचार करणाऱ्या नोजिरीबाई भेटल्या. तिशीच्या असतील. तक्ता बघून म्हणाल्या, "हा नका वापरू हो. घरचे सगळे पहिल्यांदा हाच घेऊन येतात. ध्वनींची अक्षरं आधी मोडतात. अख्ख्या शब्दाची चित्राक्षरं पुष्कळदा शाबूत राहतात."

म्हणजे बालवाडीतलं विसरायचं आणि वर्तमानपत्रातलं आठवायचं? सोप्याकडून अवघडाकडे, हा शिक्षणाचा क्रम आहे. बाई कष्टाळू आहेत, पण जिवंत न्यूरॉन भिंगाखाली पाहिलेला नसणार. तसं म्हटलं नाही. हसलो.

१६ नोव्हेंबर

दहा दिवस झाले. प्रगती: शून्य ध्वनी. बाबा 'आ' विचारला की 'नु' दाखवतात, 'नु' विचारला की खिडकी.

सुधारित योजना: वॉर्डातल्या सगळ्या वस्तूंना ध्वनी-अक्षरांच्या चिठ्ठ्या. पलंग, पेला, पडदा, कचरापेटी. शेजारच्या पलंगावर दोबाशी म्हणून निवृत्त कोळी आहेत. त्यांचा डावा पाय गेलाय, तोंड मात्र शाबूत. ते ओरडले, "प्रोफेसर, बापाला बालवाडीत घातलंस ते घातलंस, माझ्या दातांच्या डबीवर कशाला चिकटवतोस?"

चूक माझी. चिठ्ठी काढली.

१८ नोव्हेंबर

मोठी घटना! बाबांनी आपणहून एक चिठ्ठी सोलली आणि माझ्या छातीवर लावली. मला बघत होते. अक्षर आणि माणूस यांची जोडणी होऊ लागली आहे.

चिठ्ठी 'कचरापेटी'ची होती. तो तपशील गौण.

३ डिसेंबर

आज प्रामाणिक राहायचं ठरवलं आहे. पोषणद्रव बदलून झालं होतं. दहा चाळीसला मी कपाट पुसत होतो.

कपाट पुसणंही मध्येच सोडू नये.

१९ डिसेंबर

बाबा बोलले. स्वच्छ. मी आत शिरलो, त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "त्सुगि."

त्सुगुओ! माझ्या नावाचा दोन-तृतीयांश भाग! शेवटचा स्वर थोडा हुकला, पण ते व्हायचंच. मला रडू आलं. वॉर्डातल्या सगळ्यांना सांगितलं. योशिएताईला फोन केला, ती म्हणाली, "खरंच त्सुगु? शपथ?" आणि तीही रडली.

येताना सणासुदीचा बुरी मासा घेतला. एकट्याला फार होता.

२१ डिसेंबर

नोजिरीबाईंना मी म्हणालो की, तक्त्यालाच फळ आलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "तुमचा आनंद मोडायचा नाही मला. पण ते मलाही म्हणतात. पान उलटलं की म्हणतात."

दोबाशी म्हणाले, "लिफ्टचं दार उघडलं की म्हणतात. संडासातून बाहेर आले की म्हणतात. अरे, बस चालवायचे ना ते? अडतीस वर्षं 'पुढचा थांबा अमुक, पुढचा थांबा तमुक.' तेवढंच राहिलंय बिचाऱ्याच्या तोंडात. त्सुगि. पुढचा. तुझं नाव नाही रे ते, राजा."

माझं नावही 'पुढचा' याच चित्राक्षराने लिहितात. ताईनंतरचा, म्हणून. तेव्हा दोबाशींचं म्हणणं सिद्ध होत नाही. असिद्धही होत नाही. ताईला कळवलेलं नाही.

१७ जानेवारी

नोजिरीबाईंनी बाबांच्या रूटचे एकतीस थांबे चित्राक्षरांत लिहून आणले आणि कार्डं पिसून टेबलावर टाकली. बाबांनी डाव्या हाताने सगळी ओळीने लावली. आमच्या हिमीच्या बंदरापासून डोंगरावरच्या शाळेपर्यंत. एकही चूक नाही. एका ठिकाणी त्यांनी जागा मोकळी सोडली. बाईंचा एक थांबा राहून गेला होता.

दोबाशींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी येऊन हिशेब मांडला. तक्त्यावर मी बहात्तर दिवस घालवले. बाईंनी आठ नोव्हेंबरलाच सांगितलं होतं, तारीख वर लिहिलेली आहे. जी जोडणी तुटली तिच्यावरच रोज ठोकत बसलो, आणि जी धडधाकट होती तिला म्हटलं, थांब, तुझी पाळी नंतर.

ठीक आहे. अजून एकशे एक दिवस आहेत.

२५ जानेवारी

नवी योजना. नोजिरीबाईंकडून चित्राक्षरांची पेटी मागून घेतली: घर, नातं, आजार, ऋतू, खाणं. स्वतःची पाच कार्डं त्यात घातली: लेक, काम, एकटा, परत ये, माफी. 'फोन' आणि '८ ऑक्टोबर, सकाळ' समोर ठेवून विचारलं, "काय सांगायचं होतं, बाबा?"

त्यांनी कार्डांवरून बोट फिरवलं आणि उचललं: मुळा.

जेवणाची वेळ झाली होती.

२६ जानेवारी

जेवणानंतर विचारलं. मुळा.

२९ जानेवारी

मुळा. मी कार्ड काढून ठेवलं तर त्यांनी पेटीत हात घालून शोधून काढलं, टेबलावर आपटलं आणि बोटाने दोनदा ठोकलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं बस सुटताना धावत येणाऱ्या माणसाकडे बघायचे.

याला पुस्तकात नाव आहे. मेंदू एकाच उत्तरात अडकून बसतो. ते माझ्यावर चिडलेले नसून हा लक्षणाचा भाग आहे.

५ फेब्रुवारी

आणखी प्रामाणिकपणा. 'माफी'चं कार्ड मी रोज त्यांच्या डाव्या हाताच्या अगदी जवळ ठेवतो. प्रयोग म्हणून हे गैर आहे. आणि कोणाची माफी, ते कार्डावर लिहिलेलं नाही. मलाही सांगता येणार नाही.

उद्यापासून मध्यभागी ठेवीन.

९ मार्च

बशांना बुरशी लागली. संपूर्ण बॅच गेली. मी धावतपळत हॉस्पिटलला जातो, हात नीट धुतले नसतील. तिसऱ्या आठवड्यातल्या पेशी होत्या. या टप्प्याला नको असलेल्या जोडण्या गळू लागतात आणि ज्यांच्यातून रोज काही जातं-येतं तेवढ्या टिकतात. हिराई मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही थोडी रजा घ्या." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मार्च

त्या ८ ऑक्टोबरला, दहा चाळीसला, हातात काहीच नव्हतं. हातमोजे काढलेले होते. फोन टेबलावर होता. 'बाबा' असं नाव दिसलं. नऊ वेळा वाजला. मोजलं होतं, म्हणजे ऐकत होतो. वाटलं, परत करतील.

१२ एप्रिल

वॉर्डाचे सोळा दिवस उरले. पुढे ताईच्या घराजवळच्या वृद्धनिवासात जागा मिळाली आहे. बाबांचं घर आवरायला हिमीला गेलो. ताई होतीच.

दुपारी दारात लोणचंवाल्या मोरिताबाई आल्या. हातात पिशवी. "मुळ्याचं आहे. तुमच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं. ते न्यायला आलेच नाहीत, मग कळलं असं असं झालं. ते आंबलं, हे यंदाचं नवं."

कधी सांगितलं होतं, ते ताईने विचारलं.

"त्याच दिवशी हो, सकाळी. हसत होते फोनवर. म्हणाले, आत्ता चुकून पोराला लागला फोन." ताईने बाबांचा जुना फोन उघडला. नावं पन्नास ध्वनींच्या क्रमाने. त्सुगुओ. त्याच्या खाली त्सुकेमोनो, म्हणजे मोरिताबाईंचं लोणच्याचं दुकान. मला दहा चाळीस. त्यांना दहा एकेचाळीस.

म्हणजे बाबा जानेवारीपासून खरं उत्तर देत होते. पहिल्याच दिवशी दिलं होतं. मी त्याला लक्षण म्हटलं.

मी विचारलं, आणखी काही म्हणाले का. विचारायला नको होतं. मोरिताबाई आठवून आठवून म्हणाल्या, "म्हणाले, बरं झालं उचलला नाही. काय बोलायचं ते सुचलं नसतं."

ताई म्हणाली, "त्सुगु, बस जरा." मी बसलोच होतो.

२८ एप्रिल

बाबांना हलवलं. नोजिरीबाई गाडीपर्यंत आल्या. दोबाशींनी खिडकीतून हात केला आणि ओरडले, "प्रोफेसर, कधीमधी बापाशी गप्पही बसत जा!" लोणचं बारीक चिरून नेलं होतं, पण घशात अडकेल म्हणून वृद्धनिवासातल्या नर्सने काढून घेतलं. बाबांनी वास मात्र घेतला. बराच वेळ.

कार्डं परत केली. माझी पाच काढून घेतली.

३ मे, रविवार

सकाळी वृद्धनिवासात फोन लावला. नर्सने बाबांच्या कानाला धरला. मी म्हटलं, "मी त्सुगुओ." पलीकडे श्वास ऐकू येत होता. एकदा वाटलं, आता काहीतरी म्हणतील, म्हणून मी थांबलो. तेही थांबले असावेत.

त्यांना बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

चार मिनिटं झाली. मग फोन ठेवला गेला. कोणी ठेवला, ते विचारलं नाही.