मागे वळून न पाहण्याची परीक्षा

खालापूर,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १८६८

तीर्थरूप धाकलूमामांच्या पायांवर भाचा येसाजी डोकं टेकतो. इकडे सगळे खुशाल. आपण कसे आहात? (पत्रात लिहायची रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारतो आहे.) जेवण जातं ना? आपला तो खोकला, जो पोशिरात निघाला की नेरळच्या स्टेशनावर हमाल दचकतात, तो कसा आहे? चंद्रामामींचे गुडघे काय म्हणतात? भाताची झोडणी आटोपली असेलच.

मी कर्जतला पंधरा दिवस शिकायला गेलो होतो, हे आपल्या कानावर आलं असेल. आपण म्हणाल, कंपाउंडरची परीक्षा देऊन बारा वर्षं झाली, बाटल्या धुता धुता हा मलमपट्टीपर्यंत चढला, आता चाळिशी उलटल्यावर आणखी काय शिकतो? मामा, हे शिक्षण संपल्यावरचं शिक्षण आहे. आधीची परीक्षा पास झालेल्यालाच तिथे बसू देतात. विषय एकच, पुढारपण. औषध कसं द्यायचं ते शिकवत नाहीत (ते येतं असं धरून चालतात), लोकांनी ते घ्यावं म्हणून त्यांच्यापुढे कसं चालायचं ते शिकवतात. वर्गात दोन डॉक्टर, एक नर्सबाई, तीन देवी टोचणारे आणि मी. आपल्याकडे पुढारी ओट्यावर बसून तयार होतात, बाकावर बसूनही होतात हे मला नवीन होतं. पण खालापूरच्या नव्या दवाखान्याचा कारभार कोणाकडे जायचा, ते या वर्गाच्या दाखल्यावर ठरणार होतं. दाखला मिळाला तर येसाजी खुर्चीत. नाही मिळाला तर पुन्हा बाटल्या, आणि ‘नीट धुवा हो’ म्हणणारा माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

शिकवायला मुंबईचे डॉक्टर सबनीस होते. माणूस विद्वान, पण त्यांच्या बोलण्यात ‘पुढारी’ हा शब्द आला नाही असं एकही वाक्य मी ऐकलं नाही. (चहात साखर कमी पडली तरी पुढाऱ्याने ती मागू नये, असं ते म्हणाले. मी मागितली.) पुढाऱ्याने स्वच्छ पांढरं नेसावं. पुढाऱ्याच्या मिशा म्हणजे जंतूंची धर्मशाळा, त्या काढाव्या. म्हणून मी काढल्या. बाप गेला तेव्हा काढल्या होत्या, त्यानंतर आत्ताच. पुढाऱ्याने रस्त्यात बोलू नये, संथ चालावं, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मागे वळून पाहू नये. वळला की मार्क गेले. नर्सबाई म्हणाल्या, मागे कोणी नसेल तर? सर म्हणाले, ते पुढाऱ्याला शेवटी कळतं.

परीक्षा ज्याच्या त्याच्या गावात. दवाखान्यातून निघून, पेठेतून जाऊन, नदीकाठच्या आंब्याखाली निदान दहा माणसं आणायची आणि त्यांना राजीखुशीने देवी टोचायच्या. सर आंब्याखाली वही घेऊन बसणार. आता खालापुरात देवी टोचणारा दिसला की माणूस दिसत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. गेल्या खेपेला एक जण कणगीत बसून राहिला, त्याला भातासकट बाहेर काढावा लागला.

सामान न्यायला मी वाडीवरचा गोमा आणि त्याचे तीन सोबती ठरवले. दवाखान्याचं लांब बाकडं घेतलं, त्यावर बाटल्या आडव्या मांडल्या, धूळ बसू नये म्हणून वर पांढरी चादर घातली, बाटल्या गडगडू नयेत म्हणून सुंभाने करकचून बांधलं. चौघांनी ते खांद्यावर घेतलं. सुया उकळायला विस्तव हवा, म्हणून मडक्यात निखारे घेतले, आणि हात भाजू नये म्हणून मडक्याला दोरी लावून ते मी हातात लोंबकळत धरलं. मिशा काढलेला, पांढरं धोतर नेसलेला, मुकाट्याने, खाली मान घालून मी पुढे. मामा, शपथेवर सांगतो, माझ्या ध्यानातच आलं नाही.

मान वळवायची बंदी असली तरी कान मागेच होते. पेठेतून पहिल्यांदा पायताणं वाजली. मग कोणी तरी हळूच म्हणालं, “कोण गेलं रं?” गोमा म्हणाला, “आमी काय जानू? आमी खांदा देनारी मानसं. म्होरं इचारा.” पुढचा बोलत नव्हता. सोनुबाई दारातून ओरडली, “असा कसा रं मुका झाला येसाजी? लई जवळचं मानूस दिसतंय!” त्यावर मागे सगळ्यांनी मिळून एक नाव ठरवलं. दुकानांच्या फळ्या पडल्याचा आवाज आला. कणगीतला गडीसुद्धा आला, त्याची शिंक मी ओळखतो. पुढे पुढे तर गोमाच्या खांद्याला खांदा लावायला भांडणं लागली. तो मोकळा झाला आणि माझ्या मागून विडी ओढत चालला.

नदीवर सरांनी मोजली, एकशे त्रेचाळीस डोकी. वही त्यांच्या हातातून गळली. पुढे होऊन त्यांनी चादर ओढली. खाली बाटल्या! मग म्हातारा धोंडी पुढे आला, “येसाजी, मयत कुठं हाय?” त्यावर मी चार शब्द बोललो. मनापासून बोललो. आणि मामा, एकशे त्रेचाळीस बाह्या वर गेल्या! दुपार टळेपर्यंत मी टोचत होतो. सर म्हणाले, वीस वर्षांत असा पुढारी पाहिला नाही. पुढच्या शुक्रवारी दाखला हातात पडतो.

असो. मामींस नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू द्यावा.

आपला भाचा,
येसाजी

ता. क. : लोकांनी ठरवलेलं नाव आपलं. मी घेतलं नाही, पण आपणांस मूलबाळ नाही, मडकं भाच्यानेच धरायचं, असा हिशेब त्यांनी आपसांत लावला आणि मला मागे वळता येईना. ते चार शब्द असे : ‘मामा देवीनं गेले. साथीचं मयत म्हणून पोशिरातच उरकलं. खालापूरनं टोचून घ्यावं, एवढीच त्यांची शेवटची इच्छा होती.’ धोंडी रडला. जिवंतपणी आपल्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. शिवाय खोटी मरणवार्ता उठली की आयुष्य वाढतं. इथे एकशे त्रेचाळीस जणांनी उठवली आहे, आभार नंतर मानावे.

आणखी ता. क. : विनंती इतकीच की शुक्रवारपर्यंत आपण वारलेले राहावं. शनिवारी बातमी चुकीची होती असं मीच गावभर सांगेन, पेढेही वाटीन.

शेवटचं : पत्र बंद करत होतो तोच गोमा आला. मामींच्या सांत्वनाला चार बैलगाड्या पोशिराला निघाल्या आहेत, सबनीस सर पहिल्या गाडीत. हे पत्र गोमाच पायवाटेने, गाड्यांच्या आधी आणून देईल. पाकिटावर नाव मामींचं घातलं आहे. गोमाला सगळं माहीत आहे, तो तोंड उघडणार नाही (पुढच्या वर्षी वर्गाला त्याला बसवायचं ठरलं आहे). दार मामींनी उघडावं. आपण तडक माळ्यावर जावं. सोबत खोकल्याची बाटली आहे, घटकेघटकेला एक घोट घ्यावा. तरीही खोकला आलाच, तर मामींनी त्याच क्षणी हंबरडा फोडावा. दोन्ही एकदम व्हायला हवं, गाड्या पोचण्याआधी एकदा तालीम करून घ्यावी.

प्रकृतीस जपावे.