अर्धा मिलिमीटर

३ जून, सोमवार

फाईल शेवटी माझ्याच गळ्यात पडली! तान्ह्या बाळांच्या गळ्यात बसवायची श्वासाची नळी. मोठ्यांची मापं आम्ही केव्हाच मंजूर केलीत, कंपनी आता सगळ्यांत लहान मापाची मंजुरी मागते आहे. नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, आज बावन्नावा. आधीच्या तपासनिसाची बदली झाली, त्याने पानंसुद्धा उलटलेली दिसत नाहीत. कागद कपाटभर, आणि त्यात खऱ्या बाळांची माहिती किती? चौदा! जास्त आणायची कुठून — मंजुरीशिवाय वापर नाही, वापराशिवाय माहिती नाही. वाचत राहायचं, दुसरं काय.

९ जून, रविवार

नणंद जेवायला आली होती. ती मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, आणि घास तोंडात असतानाच तिला सगळं सांगायचं असतं. सध्या तिच्याकडे पाच महिन्यांची एक मुलगी आहे. साऱ्या वॉर्डाला नाचवते म्हणून नाव पडलंय राणी सरकार. गळ्याला भोक पाडून नळी घातलीय. पण तेवढ्या लांबीची नळी मिळतच नाही, म्हणून तोंडातून घालायची बारीक नळी कापून बसवतात. कापलेली कड आत घासते, मधूनच रक्त येतं. नीट नळी मिळेपर्यंत तिला घरी सोडणार नाहीत.

“वहिनी, तुमचं ऑफिस झोपा काढतं का हो?” म्हणाली.

मी तिला भाजी वाढली. ती फाईल माझ्याच टेबलावर आहे हे सांगता येत नाही. ऑफिसचं घरी बोलायचं नाही, असा नियम. नंतर मलाच जेवण गेलं नाही.

८ जुलै, सोमवार

सत्त्याऐंशीवा दिवस. वाचून अर्धंच झालंय. हातात आणखी दोन फायली होत्या, पण ती सबब इथे कशाला.

आज एक सापडलं. आराखड्यात लांबी तीस मिलिमीटर, तक्त्यात साडेतीस. अर्ध्याचा फरक. फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण फोनने दिवस थांबत नाहीत, पत्राने थांबतात. लेखी शंका गेली की उत्तर येईपर्यंत मोजणी बंद. मुदत भरत आली की आमच्याकडे सगळे हेच करतात. मीही केलं.

साहेब म्हणाले, नजर तेज आहे तुमची. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू.

२२ जुलै, सोमवार

उत्तर नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

उत्तर नाही. माझं वाचून झालं. सगळं ठीक आहे! चौदा बाळं थोडी आहेत, पण अटी घालून मंजुरी देता येईल. टिपण तयार ठेवलंय, फक्त ते अर्ध्याचं उत्तर येऊ दे.

नणंदेचा फोन होता. राणी सरकार हसायला लागली म्हणे. नळीमुळे आवाज फुटत नाही, नुसते खांदे हलतात.

१३ ऑगस्ट, मंगळवार

कंपनीने अर्ज मागे घेतला.

तेव्हा कुठे मी फोन उचलला! तिकडच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, तक्त्यात चुकून पडलं होतं, तीसच बरोबर. पण लेखी उत्तर द्यायचं तर सगळे आराखडे पुन्हा सह्या घेऊन पाठवायचे. या मापाचा खप तो केवढा, वरच्यांनी ठरवलं, नकोच. त्यांनी माझीच माफी मागितली. माझी!

साहेबांकडे गेले. म्हटलं, त्यांना पुन्हा बोलावू या. ते शांतपणे म्हणाले, “अर्जच नाही, तर मंजुरी देणार कशाला?” नियमाने बरोबर आहे. भांडायलाही जागा नाही. वर आमच्या हिशेबी फाईल निकाली निघाली, म्हणून शेजारच्या टेबलाने चहा मागवला. मी प्यायले. स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

१४ ऑगस्ट, बुधवार

नणंदेला सगळं सांगून टाकलं. फाईल, पत्र, अर्धा मिलिमीटर. नियम गेला खड्ड्यात. मला वाटलं, चांगली झापेल. ती एवढंच म्हणाली, शनिवारी दुपारी नळी बदलतात, येऊन बघा एकदा.

टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

१७ ऑगस्ट, शनिवार

गेले. राणी सरकारने माझं बोट धरलं, सोडेचना. तिच्या आईला कुणीतरी सांगितलं होतं, या त्या ऑफिसातल्या. तिने हळूच विचारलं, “ताई, चांगली नळी कधी येईल?”

डॉक्टर यायच्या आत नळी तयार ठेवायची होती. नणंदेने हातमोजे चढवले, नळी करंगळीच्या पेराला लावून पाहिली. हेच तिचं माप. मग दुसरे हातमोजे माझ्यापुढे केले. “वहिनी, धरा जरा घट्ट.”

मी धरली. तिने कात्रीने कापली.