दाराबाहेरची अकरा मिनिटं

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पुस्तक पोचलं. धुलाईखान्यातल्या आम्हा बायकांवर तीनशे पानं लिहिलीस, आणि स्वतःचा रुमाल कधी धुतलास ते मला आठवत नाही. असो.

खोलीसाठी तुमच्या निधीकडे अर्ज टाकलाय. शिंपीकाकांच्या दुकानावरची ती खोली, मार खाल्लेल्या बाईला चार दिवस निवांत झोपता यावं म्हणून आम्ही वर्गणी काढून भाड्यानं घेतली होती. वर्गणी महिनाअखेरीस संपते. सध्या तिथं आमची इस्त्रीवाली आहे, नवऱ्यानं मनगट मोडलंय. डाव्या हातानं इस्त्री करते आणि वर मलाच शिकवते.

अर्जात फार लिहिलं नाही. त्या छापील रकान्यांत माझं डोकं चालत नाही, आणि समितीत तू आहेस, तुला सगळं ठाऊक आहे. घरच्या माणसापुढे लांबण कशाला लावायचं? मी निर्धास्त आहे.

नुसत्या चहावर दिवस काढू नकोस. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी ताई

२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल बैठक झाली. नात्यातल्या माणसाचा अर्ज आला की त्या सभासदानं बाहेर जायचं, असा नियम आहे. तो मीच भांडून करून घेतला, कारण वशिल्यानं पैसे वाटलेले मी पाहिलेत. तुझा अर्ज निघाला आणि मी उठले. अकरा मिनिटं दाराबाहेर उभी होते.

आत विचारलं म्हणे, खोलीत कोण राहतं, किती दिवस, पुढे कुठे जातं. तुझे रकाने कोरे, आणि उत्तर देणारी मी बाहेर. अर्ज जूनवर ढकलला. सगळं नीट भर, एवढं आधी सांगायचंही मी टाळलं, नियमाला बट्टा नको म्हणून. माझा शहाणपणा नडला, ताई.

खोली सोडू नकोस. जूनपर्यंतचं भाडं माझ्या पगारातून पाठवतेय. इस्त्रीवालीला सांग, घाबरू नकोस म्हणावं.

रागावलीस तरी दोन ओळी टाक. लोभाची वाट बघतेय.

धाकटी

११ एप्रिल

धाकटीस,
अ. उ. आ.

लिहायला इतके दिवस लागले.

तुझ्या आधी समितीचं पत्र आलं. महिनाअखेर तोंडावर, म्हणून मी त्याच दिवशी शिंपीकाकांना किल्ली देऊन टाकली. इस्त्रीवालीला माझ्याकडे चल म्हटलं. ती म्हणाली, तुमच्या दोन खोल्यांत आधीच सहाजण, मी कुठे मावणार, आणि नवराही आता निवळलाय. मीही फार ताणलं नाही. ती घरी गेली.

चौथ्या दिवशी त्यानं तिला जिन्यावरून ढकललं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तो म्हणतो, पाय घसरला. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. तिच्या टेबलावर चादरी साचल्यात, कुणी हात लावत नाही.

तुझा नियम बरोबर आहे, कळतं मला. रकाने मीच कोरे ठेवले, तेही कळतं. तरी तुझा राग येतो. तू आत बसून राहायला हवं होतंस. कुणी नावं ठेवली असती तर ठेवू द्यायची होतीस.

जूनचा अर्ज भरलाय, एकही रकाना सोडला नाही. तुझे पैसे परत पाठवत नाही, खोली पुन्हा घ्यायचीय.

एवढ्यात येऊ नकोस. लोभ असावा, असं आज लिहीत नाही. तो आहेच. तुटता तुटत नाही, त्याचाच त्रास होतोय.

ताई